निकाल आधीच ठरलेला, मग बेल्टसाठी जीव का टाकायचा?

८ एप्रिल २०२४, सोमवार. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, म्हणून बाबा गॅलरीत गुढीची काठी पुसत उभे होते. आत हॉलमध्ये माझा भाचा टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिकडे फिलाडेल्फियाच्या स्टेडियममध्ये रविवारची रात्र होती आणि डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीचा रेसलमेनिया हा मोठा कार्यक्रम चालू होता. कोडी ऱ्होड्सनं रोमन रेन्सचे खांदे तीन मोजेपर्यंत टेकवून धरले आणि १३१६ दिवस एकाच माणसाकडे असलेला अजिंक्यपदाचा बेल्ट दुसऱ्याकडे गेला.

बाबांनी उमेदीच्या काळात तालमीत मेहनत केलेली. दारातूनच म्हणाले, "अरे, नुरा आहे ती. त्यात रडायचं काय?"

"माहितीये आजोबा," भाचा नाक ओढत म्हणाला. "पण जिंकला ना तो!"

नुरा म्हणजे आधी ठरवून लावलेली कुस्ती. आपल्याकडे हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात. दोन पुढारी लुटुपुटीचं भांडायला लागले की अग्रलेखात तो हमखास येतो. पण भाच्याचं उत्तर बघा. नुरा आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि तरी तो रडतोय. ज्यांनी हा प्रकार कधी बघितला नाही, त्यांचं डोकं नेमकं इथेच अडतं. एप्रिल २०२५ पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूईचे कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आले आणि ज्या घरांत कार्टून आणि वेब सिरीजच चालायच्या, तिथेही आता आईवडील विचारू लागलेत की हे नक्की काय चाललंय. तर आधी यांच्या मोठ्या कार्यक्रमांच्या नावापासून, 'पे-पर-व्ह्यू'पासून, सुरुवात करू.

'पे-पर-व्ह्यू'मधला 'पे' आपण कधी भरलाच नाही

मराठी मालिका आठवडाभर चालते आणि रविवारी तिचा दोन तासांचा 'महाएपिसोड' येतो. लग्न, अपघात, डीएनए रिपोर्ट, जे काय मोठं घडायचं ते त्यात. डब्ल्यूडब्ल्यूईचा गाडाही तसाच चालतो. आठवड्याला 'रॉ' आणि 'स्मॅकडाउन' हे दोन कार्यक्रम. त्यांत भांडणं लागतात, आव्हानं दिली जातात, कुणीतरी कुणाला पाठीमागून खुर्ची हाणतो. आणि मग ठरावीक आठवड्यांनी एक मोठा कार्यक्रम, ज्यात ती भांडणं निकाली निघतात. जानेवारीत रॉयल रम्बल, मार्च-एप्रिलच्या सुमारास रेसलमेनिया, ऑगस्टमध्ये समरस्लॅम, नोव्हेंबरमध्ये सर्व्हायव्हर सिरीज, आणि मधेमधे इतर.

फरक इतकाच की अमेरिकेत हा महाएपिसोड फुकट नव्हता. केबलवाल्याला फोन करायचा, त्या एका रात्रीपुरते पैसे भरायचे, मगच चित्र दिसणार. जितक्यांदा बघाल तितक्यांदा पैसे, म्हणून पे-पर-व्ह्यू. १९८५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला रेसलमेनिया झाला, तेव्हा तर बहुतेक लोकांनी तो गावोगावच्या सभागृहांत तिकीट काढून पडद्यावर पाहिला होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत केबलवरचा धंदा जोरात आला. १९८७ चा तिसरा रेसलमेनिया, हल्क होगन विरुद्ध आंद्रे द जायंट, मिशिगनच्या पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये झाला. तिथे ९३,१७३ लोक होते असं कंपनी सांगते. हा आकडा फुगवलेला आहे यावर जाणकारांचे आजही वाद होतात. पण ज्या धंद्यात सगळंच ठरलेलं असतं, तिथे गर्दीचा आकडाही ठरवून सांगितला तर नवल ते काय!

आपल्याकडे हे सगळं टेन स्पोर्ट्सवर केबलच्या महिन्याच्या पैशात यायचं. वेगळा पैसा कधी भरावा लागला नाही, त्यामुळे आमच्या पिढीला 'पे-पर-व्ह्यू' हे एखाद्या स्पर्धेचं नाव वाटायचं. २०१४ मध्ये कंपनीनं महिन्याला ९.९९ डॉलर घेणारं स्वतःचं नेटवर्क काढलं आणि तिकडेही सुट्या विक्रीचा जमाना ओसरत गेला. आता कंपनी या कार्यक्रमांना 'प्रीमियम लाइव्ह इव्हेंट' म्हणते. चाहते अजून जुनंच नाव घेतात आणि एईडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी तर अजूनही सुटं विकते.

पण त्या जुन्या व्यवहाराचं एक वळण कायमचं राहिलं. फुकट दाखवलेल्या आठवड्यांनी एकच काम करायचं: त्या रविवारी माणसाचा हात खिशात गेला पाहिजे. दोघांमधलं वैर म्हणजे त्या रविवारची जाहिरात. हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं.

ठरलेलं असतं म्हणजे नक्की काय ठरलेलं असतं?

तळकोकणात किंवा पेडण्याकडे जत्रेत दशावतार पाहिला असेल तर तुम्हाला हे समजायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. रात्री देवळासमोर नाटक उभं राहतं. लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं, कुणी राजा, कुणी राक्षस, एवढं आधी ठरतं. शेवटी राक्षस मरणार हे पुढच्या रांगेत पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पण मधले संवाद, युद्धाचे पवित्रे, कुणी किती ताणायचं, हे दोन नट रंगमंचावर उभं राहून, पखवाजाच्या अंगानं आणि लोकांचा अंदाज घेत ठरवतात. राक्षस चांगला वठला तर लोक राक्षसालाही बक्षीस देतात.

प्रोफेशनल रेसलिंग हा याच जातीचा खेळ आहे. कोण जिंकणार, साधारण किती मिनिटांत, शेवटचा डाव कुठला, हे ठरलेलं. ठरवणाऱ्याला बुकर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर जोड लावणारा. फक्त आपल्या मैदानात जोड लावणारा कुस्ती कुणाशी एवढंच ठरवतो, हा चीत कोण होणार तेही ठरवतो. डब्ल्यूडब्ल्यूईत सध्या हे काम स्वतः एकेकाळचा मोठा पैलवान असलेल्या ट्रिपल एचकडे आहे. बाकीचं बरंचसं रिंगमध्ये जमवतात, एकमेकांच्या कानाशी पुटपुटत. पकड घातलेली असताना दोन्ही डोकी जवळ का येतात, हे आता तुम्ही नीट बघाल. पंचाच्या कानातही यंत्र असतं. 'दोन मिनिटं उरली' हा आतला निरोप तोच पैलवानांपर्यंत पोचवतो.

आणखी दोन-तीन शब्द. नायकाला 'फेस' आणि खलनायकाला 'हील' म्हणतात. आणि हे सगळं खरंच आहे असं जगापुढे दाखवत राहायची जी रीत, तिला 'केफेब'. पूर्वी ती इतकी कडक होती की हील आणि फेस एका गाडीतून प्रवास करत नसत, हॉटेलात एकत्र जेवत नसत. आज कुणी इतकं पाळत नाही, पण रिंगच्या दोरांच्या आत ती अजून जिवंत आहे.

मग बेल्ट कशाचा? मेहनतीचा की मर्जीचा?

हा सगळ्यांत रास्त प्रश्न. महाराष्ट्र केसरीची गदा ज्यानं खांद्यावर घेतली, त्यानं समोरच्यांना खरंच चीत केलेलं असतं. इथे तर देणारा देतो आणि घेणारा घेतो.

बेल्टकडे बक्षीस म्हणून बघू नका. नाटक कंपनीच्या जाहिरातीत सगळ्यांत मोठ्या टायपात कुणाचं नाव छापायचं, तसा तो प्रकार आहे. कंपनी सांगते की पुढचे काही महिने या माणसाच्या नावावर तिकिटं खपतील असा आमचा अंदाज आहे. ब्रुनो सामार्टिनोकडे १९६३ ते १९७१ असा सलग २८०३ दिवस बेल्ट होता, कारण न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावावर मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरायचं. तो बेल्ट त्याला कुस्तीनं मिळवून दिला नव्हता हे खरं, पण भरलेल्या खुर्च्या खऱ्या होत्या.

अंदाज चुकतोही. जिंदर महाल हे त्याचं आपल्या जवळचं उदाहरण. कॅनडात जन्मलेला पंजाबी कुटुंबातला पैलवान, बरीच वर्षं हरण्याचंच काम करणारा. एप्रिल २०१७ मध्ये त्याला अचानक आव्हानवीर केलं आणि २१ मे रोजी 'बॅकलॅश'मध्ये रँडी ऑर्टनला हरवून तो जगज्जेता झाला. कंपनीची नजर भारतातल्या बाजारपेठेवर आहे, हे त्या वेळी कुणापासून लपलं नव्हतं. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मात्र त्याला मनापासून स्वीकारलं नाही. १७० दिवसांनी, इंग्लंडमध्ये मँचेस्टरला, बेल्ट एजे स्टाइल्सकडे गेला. गंमत म्हणजे डिसेंबरमध्ये कंपनी दिल्लीला आली तेव्हा ज्याला भारतासाठी राजा केलं होतं तो जिंदर बेल्टविना आला आणि ट्रिपल एचकडून हरला.

म्हणजे बेल्ट कुणालाही देता येतो, वजन देता येत नाही. ते लोक देतात किंवा देत नाहीत. या संपूर्ण खेळात न ठरलेली गोष्ट हीच एक आहे, आणि मला विचाराल तर खरी कुस्ती बुकर आणि प्रेक्षक यांच्यात चालते. रिंगमधले दोघे त्या कुस्तीचे डाव आहेत.

हरूनही बेल्ट राहतो, ही भानगड काय?

एक नियम समजला नाही तर निम्म्या वैरांचा पत्ता लागत नाही. साधारणपणे बेल्ट हलायचा तर समोरच्याला खांदे टेकवून चीत करावं लागतं किंवा शरण आणावं लागतं. चॅम्पियन रिंगबाहेर गेला आणि पंचानं दहा मोजेपर्यंत आत आलाच नाही, किंवा बेकायदा वागून बाद झाला, तर तो कुस्ती हरतो पण बेल्ट त्याच्याकडेच राहतो. घरमालकाशी खटला जिंकलात पण खोलीचा ताबा मिळाला नाही, असं काहीसं. ही पळवाट मुद्दाम ठेवली आहे, कारण तिच्यामुळे लबाड चॅम्पियनला महिनोन् महिने लबाडी करता येते आणि लोकांचा राग साठत जातो.

१९७७ च्या सप्टेंबरात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डस्टी ऱ्होड्स नावाच्या पैलवानानं सुपरस्टार बिली ग्रॅहमला असंच हरवलं. डस्टी म्हणजे प्लंबरचा मुलगा, पोट सुटलेला, जीभ तिखट. कष्टकरी माणसांना तो आपला वाटायचा. ग्रॅहम वेळेत रिंगमध्ये परतला नाही. डस्टी जिंकला, आणि बेल्ट ग्रॅहमकडेच राहिला. याच कंपनीचा तो सर्वोच्च किताब डस्टीला आयुष्यात कधीच मिळाला नाही.

भाच्याला रडवणारा कोडी हा या डस्टीचा धाकटा मुलगा.

कोडीनं याच कंपनीत सुरुवात केली. नंतरनंतर त्याला तोंड रंगवून एक विदूषकी पात्र करायला लावलं. २०१६ मध्ये तो बाहेर पडला, २०१९ मध्ये इतरांबरोबर एईडब्ल्यू उभी केली आणि एप्रिल २०२२ मध्ये परत आला, वडिलांना मिळाला नाही तो बेल्ट मिळवायला. त्याचं पालुपद एकच: गोष्ट पूर्ण करायची.

समोर रोमन रेन्स. ३० ऑगस्ट २०२० पासून चॅम्पियन. सामोअन वंशाच्या मोठ्या पैलवान घराण्यातला, स्वतःला टोळीचा प्रमुख म्हणवणारा, चुलतभावांना नोकरासारखं वागवणारा हील. तो हरायला आला की भाऊबंदांपैकी कुणीतरी उगवायचं. २०२३ च्या जानेवारीत कोडीनं रॉयल रम्बल जिंकली. तीस जणांतून शेवटी उरणाऱ्याला रेसलमेनियात चॅम्पियनशी लढायला मिळतं. सगळ्यांना वाटलं, आता झालं. एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसजवळ तो अगदी जिंकत आलेला, आणि रोमनचा भाऊ सोलो मधे घुसला. कोडी हरला. त्या दिवशी भाच्यानं जेवण टाकलं होतं.

का हरवलं? मालिकेत पहिल्याच महिन्यात लग्न लावून दिलं तर पुढे काय दाखवणार! पण अशी ओढाताण धोक्याची असते. एका मर्यादेपलीकडे लोक रागावत नाहीत, कंटाळतात.

आणि मग २०२४ चा जानेवारी. कोडीनं पुन्हा रॉयल रम्बल जिंकली. त्याच आठवड्यात द रॉक, म्हणजे ड्वेन जॉन्सन, कंपनीच्या मालक असलेल्या टीकेओ समूहाच्या संचालक मंडळावर बसला होता. २ फेब्रुवारीला कोडीनं रिंगमध्ये येऊन सांगितलं की रेसलमेनियात मी रोमनशी लढणार नाही, आणि त्याच्या जागी रॉक रोमनसमोर येऊन उभा राहिला. हॉलीवूडचा तारा, रोमनच्याच गोतावळ्यातला. कागदावर यापेक्षा मोठी जोड शक्यच नव्हती. पण लोक खवळले. त्या प्रसंगाच्या व्हिडिओला नापसंतीचे ढीग लागले, 'आम्हाला कोडी हवा' अशा घोषणा प्रत्येक स्टेडियममध्ये घुमायला लागल्या. आठवडाही झाला नव्हता, ८ फेब्रुवारीला लास वेगासच्या पत्रकार परिषदेत कोडीनं जाहीर केलं की रोमनशी मीच लढणार. रॉकनं त्याच्या थोबाडीत मारली आणि स्वतः खलनायकाच्या बाजूला गेला. आता तो रिंगमध्येही 'मी संचालक आहे' म्हणून धमकावू लागला. लोकांना ज्या गोष्टीचा खरा राग आला होता, तीच उचलून कथेत घातली. जोड लावणाऱ्याची ही चलाखी मला आजही दाद द्यावीशी वाटते.

६ एप्रिलला पहिल्या रात्री रॉक आणि रोमन यांनी कोडी आणि सेथ रॉलिन्स यांना हरवलं. अट अशी की त्यामुळे दुसऱ्या रात्री कुठलाच नियम लागू नाही, कुणीही मधे येऊ शकतं. सगळेच आले. रोमनचे भाऊ, जॉन सीना, रॉक, आणि दिवे घालवून अंडरटेकरसुद्धा. (इथे मी खुर्चीतून उठलो हे कबूल करतो. लहानपणी आमच्याकडे पैलवानांचे ट्रम्प कार्ड होते आणि अंडरटेकरच्या कार्डापायी मी एकदा सख्ख्या मावसभावाशी महिनाभर बोलत नव्हतो.)

पण निकाल फिरला तो एका छोट्या गोष्टीवर. सेथ रॉलिन्स आला तो दहा वर्षांपूर्वीचा काळा पोशाख घालून. तेव्हा तो आणि रोमन एकाच त्रिकुटात होते आणि जून २०१४ मध्ये सेथनं रोमनच्या पाठीत खुर्ची घालून दगा दिला होता. आता रोमनच्या हातात खुर्ची. पुढ्यात कोडी, जवळच सेथ. कोडीला हाणली असती तर बेल्ट वाचला असता. रोमन थबकला, वळला आणि खुर्ची सेथच्या पाठीत घातली. जुना हिशेब चुकता केला आणि तेवढ्या वेळात कोडी सावरला. हे आधी कुणीतरी बसून लिहिलंय हे माहीत असतानाही, दहा वर्षं बघणाऱ्या माणसाच्या काळजात ते रुततं. वैर म्हणजे दोन माणसांची मारामारी नव्हे. वैर म्हणजे प्रेक्षकाला दहा वर्षं लक्षात ठेवायला लावलेली गोष्ट.

मग लागत नाही का त्यांना?

बाबांची यावर एक ठाम समजूत होती: "गादीवर पडतात, काय होतंय." रिंग म्हणजे लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यांवर फोमचा पातळसा थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. पडताना हनुवटी छातीशी, हात पसरलेले, पाठ सपाट, म्हणजे मार एका जागी न बसता वाटला जातो. लाथ मारताना स्वतःच्या मांडीवर थाप मारून आवाज काढतात. ही सगळी युक्ती खरी. पण सोळा फुटांवरून पडायला युक्ती नसते. जून १९९८ मध्ये पिट्सबर्गला अंडरटेकरनं मिक फोलीला रिंगभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर फेकलं, ते ठरलेलं होतं. पडल्यावर काय होईल ते ठरलेलं नव्हतं.

मी बाबांना कोडीची ५ जून २०२२ ची कुस्ती दाखवली, हेल इन अ सेल, म्हणजे तशीच पिंजऱ्यातली, सेथविरुद्ध. काही दिवस आधी त्याच्या उजव्या छातीचा स्नायू हाडापासून सुटला होता. कोडीनं अंगातला कोट काढला आणि प्रेक्षकांत एकदम सामसूम झाली. छातीच्या मध्यापासून पार दंडापर्यंत कातडी जांभळी-काळी, पिकून सडलेल्या वांग्यासारखी. त्या अवस्थेत तो वीसेक मिनिटं लढला, जिंकला आणि मग शस्त्रक्रियेसाठी कित्येक महिने गायब झाला.

बाबा पुढे सरकून बघत होते. "हे रंगवलेलं नाही," एवढंच बोलले. दंड निखळलेला पैलवान त्यांनी जवळून पाहिलेला आहे.

खरी दुखापत झाली की पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करतो. ती खूण आतल्या लोकांसाठी असते: हे आता नाटक नाही.

घरात पोरं असतील तर त्यांना ही फुली दाखवून द्या. आम्हाला कुणी दाखवली नव्हती. आम्ही लोखंडी पलंगावरून उड्या मारल्या आणि माझ्या समोरच्या दाताचा अर्धा तुकडा अजून त्या खोलीत कुठेतरी असेल.

खोट्या बेल्टची खरी चोरी

'बेल्ट शोभेचाच ना?' म्हणणाऱ्यांना ९ नोव्हेंबर १९९७ ची मॉन्ट्रियलची सर्व्हायव्हर सिरीज सांगावी. तेव्हा कंपनीचं नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं आणि डब्ल्यूसीडब्ल्यू ही दुसरी कंपनी सोमवारी रात्री त्याच वेळेला आपला कार्यक्रम लावून तिचे प्रेक्षक पळवत होती. चॅम्पियन ब्रेट हार्ट, कॅनडाचा लाडका, डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये जायला निघालेला. मालक व्हिन्स मॅकमहनला धास्ती ही की हा बेल्ट घेऊनच गेला तर? धास्ती अगदीच पोकळ नव्हती. दोनच वर्षांपूर्वी याच कंपनीची महिला विजेती डब्ल्यूसीडब्ल्यूच्या थेट प्रक्षेपणात आली होती आणि तिनं डब्ल्यूडब्ल्यूएफचा बेल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.

ब्रेट म्हणाला, हरेन, पण कॅनडात, माझ्या लोकांसमोर, शॉन मायकल्सकडून हरणार नाही. शेवटी ठरलं की गोंधळ होऊन कुस्ती निकालाविना सुटेल. प्रत्यक्षात शॉननं ब्रेटचाच डाव ब्रेटवर लावला आणि ब्रेट त्यातून सुटण्याआधीच, तो शरण आलेला नसताना, रिंगशेजारी उभ्या असलेल्या मॅकमहननं घंटा वाजवायला लावली. पंच अर्ल हेब्नर आधीच सामील होता. ब्रेटला काही क्षण कळेचना. मग तो दोरांपाशी आला आणि मॅकमहनच्या तोंडावर थुंकला. हवेत बोटानं नव्या कंपनीची इंग्रजी आद्याक्षरं काढली. आत गेल्यावर मालकाला ठोसा मारला, आणि तो ठोसा काही ठरलेला नव्हता.

ठरलेल्या निकालात फसवणूक होऊ शकते, कारण 'ठरणं' हाच इथला करार आहे. दशावतारात राक्षसानं ऐनवेळी मरायचं नाकारावं, किंवा देवानं ठरल्याआधीच गदा घालावी, तसं. ब्रेट पुन्हा कंपनीच्या कार्यक्रमात आला तो थेट जानेवारी २०१० मध्ये. आणि मॅकमहन? लोक त्याचा इतका द्वेष करू लागले की तो स्वतःच दुष्ट मालकाचं पात्र बनला आणि त्यावर कंपनीनं रग्गड पैसा केला.

मग बघणारे मूर्ख आहेत का?

ज्यांना अजून वाटतं की चाहत्यांना कुणीतरी फसवतंय, त्यांच्यासाठी: ही गोष्ट कंपनीनं १९८९ मध्येच उघड केली आहे. न्यू जर्सी राज्यात क्रीडा मंडळाच्या नियंत्रणातून आणि करातून सुटायचं होतं, म्हणून त्यांनीच सरकारला सांगितलं की आमच्याकडे खरी स्पर्धा होत नाही, करमणूक होते. कराचे पैसे वाचवायला त्यांनी शेकडो कार्यक्रमांचं गुपित फोडलं. तरी लोक येत राहिले.

ते काय बघायला येतात, याचा सगळ्यांत ताजा पुरावा जॉन सीनाचा. वीस वर्षं नायक राहिलेल्या सीनाला मार्च २०२५ मध्ये टोरंटोला खलनायक केलं. एप्रिलमध्ये लास वेगासला कोडीला हरवून त्यानं सतरावा किताब मिळवला आणि रिक फ्लेअर या जुन्या पैलवानाचा सोळाचा विक्रम मोडला. कागदावर इतिहास, पण लोकांना ती कुस्ती रुचली नाही. ऑगस्टमध्ये बेल्ट पुन्हा कोडीकडे गेला. १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये सीनाची शेवटची कुस्ती, गुंथरविरुद्ध. 'कधीही हार मानू नका' हे सीनाचं जन्मभराचं ब्रीद. टी-शर्टांवर, टोप्यांवर, मनगटपट्ट्यांवर छापलेलं. गुंथरनं पकड आवळली आणि सीनानं हातानं थाप मारली. शरण.

आपल्याकडे रविवारची सकाळ होती. भाचा आता कॉलेजात आहे. रडला नाही, नुसताच गप्प बसला. बाबा चहा घेऊन शेजारी येऊन बसले होते. पडद्यावर गर्दी आरडाओरडा करत होती, पण गुंथरवर नाही. ट्रिपल एच रिंगमध्ये सीनाचा निरोप घ्यायला आला आणि अख्खं स्टेडियम त्याची हुर्यो उडवायला लागलं.

"जिंकला तो सोडून या सुटातल्याला का शिव्या घालतायत?" बाबांनी विचारलं.

"आजोबा, निकाल तो ठरवतो."

बाबांनी बशीत चहा ओतला. "अस्सं. म्हणजे जोड लावणाऱ्यालाच धरला म्हणा की."